प्रस्तावना : कॅनव्हासवर छापलेले चित्र

एका हातात दिवा, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या कडांतून झिरपणारा लालसर उजेड आणि तो उजेड झेलणारा शांत चेहरा. सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास काढलेल्या या चित्राची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. त्याच्या कॅनव्हासवर छापलेल्या प्रती मात्र देशभर विकल्या जातात आणि त्यांतल्या कितीतरी प्रतींना नाव लावलेले असते राजा रविवर्म्यांचे. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी झाले. नावाची ही चूक अनेकांनी दाखवून दिलेली आहे. तिच्या शेजारीच दुसरी एक चूक आहे, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. हळदणकरांचे चित्र जलरंगातले आहे, कागदावरचे. पारदर्शक जलरंगात उजेड वरून चढवायचा नसतो. तो खालच्या पांढऱ्या कागदाचा असतो आणि रंगाच्या पातळ थरांतून वर येतो. दिव्याचा उजेड अशा माध्यमात उभा करणे हे या चित्रामागचे खरे कसब. तेच चित्र जाड विणीच्या कॅनव्हासवर छापून, वर चकचकीत व्हार्निश मारून समोर ठेवले की पाहणाऱ्याला ते तैलचित्र वाटते. रविवर्म्यांचे नाव त्याला इतक्या सहज चिकटते त्यात या उसन्या अंगाचाही वाटा असावा, असे मला वाटते. नाव चुकले तर मागची चिठ्ठी बदलता येते. कापड आणि पोतच चुकीचे सांगत असतील तर दुरुस्ती कुठे करायची?

चित्रांच्या कॅनव्हास-प्रती कशा तयार होतात हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि यंत्रांची, शायांची, कापडांची माहिती पुढच्या पानांत येईलच. प्रस्तावनेत मला त्या माहितीच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मांडायची आहे. प्रत म्हणजे यंत्रातून आपोआप बाहेर पडलेली नक्कल, हा समज चुकीचा आहे. छायाचित्र घेण्यापासून लाकडी चौकटीवर कापड ताणण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी माणूस मूळ चित्रातले काहीतरी ठेवतो आणि काहीतरी सोडून देतो. हे निर्णय टाळता येत नाहीत. ते चांगले किंवा वाईट असू शकतात, उघड किंवा झाकलेले असू शकतात, एवढेच. म्हणून ‘मूळ चित्रच वाटते’ ही प्रतीची सर्वांत मोठी स्तुती मानण्याची जी रीत पडली आहे, ती सोडून द्यायला हवी. आपण प्रत आहोत हे जी सांगते आणि आपल्यात काय आले, काय राहून गेले याचा हिशेब जी देते, ती चांगली प्रत. कॅनव्हासवरच्या प्रतीला हे अधिक लागू होते, कारण कागदावरची छपाई पाहताक्षणी छपाई म्हणून ओळखू येते. कॅनव्हास मात्र चित्रकाराच्या माध्यमाचेच रूप घेऊन समोर येतो.

पहिला निर्णय उजेडाचा. तैलचित्राचा पृष्ठभाग सपाट नसतो. रंग कुठे पातळ, कुठे कुंचल्याच्या फटकाऱ्याने उंचावलेला, कुठे व्हार्निशमुळे चमकणारा. असे चित्र कॅमेऱ्यासमोर ठेवून दिवे लावले की उंचवट्यांवर पांढरे ठिपके चमकतात आणि त्यांच्याखालचा रंग दिसेनासा होतो. उपाय म्हणून दिव्यांवर एका दिशेच्या आणि भिंगावर तिच्याशी काटकोनातल्या ध्रुवण-काचा बसवतात. चमक नाहीशी होते, गडद रंग खोल दिसतात, पण त्या चमकेबरोबर रंगाची उंचीही बरीचशी नाहीशी होते, कारण डोळ्याला उंचवटा कळतो तो त्याच्यावरच्या चमकेवरून आणि सावलीवरून. उलट दिवा एका बाजूने तिरपा टाकला तर प्रत्येक फटकारा उठून दिसतो, पण त्याच्या सावल्या चित्राचा भाग होऊन बसतात. दोन्ही एकदम मिळत नाही. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चे जे छायाचित्र २०२२ च्या आरंभी सर्वांसाठी खुले केले ते ८,४३९ छायाचित्रे जोडून तयार केलेले, ७१७ गिगापिक्सेलचे आहे. त्यात दोन बिंदूंमधले अंतर ५ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात २०० बिंदू. माणसाच्या डोळ्याला कधीच दिसणार नाही एवढा तपशील त्यात आहे, आणि तरीही ते विशिष्ट दिव्यांच्या विशिष्ट मांडणीत दिसलेले चित्र आहे. तपशील वाढला म्हणून निवड संपत नाही.

मग रंग. चित्रकाराच्या पॅलेटवर असलेल्या रंगद्रव्यांचा आणि छपाईयंत्राच्या शाईचा आवाका वेगवेगळा असतो. चांगल्या यंत्रात आठ ते बारा शाया असतात, तरी काही तीव्र कोबाल्ट निळे, काही कॅडमियम नारिंगी त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. अशा वेळी छापणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. कक्षेबाहेरचे रंग जवळच्या छापता येण्याजोग्या रंगांवर आणायचे आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवायचे. किंवा सगळेच रंग थोडेथोडे मागे ओढून त्यांच्यातले परस्परांचे नाते टिकवायचे. पहिल्या वाटेने बहुतेक रंग अचूक येतात, पण निळ्या आकाशातल्या चार छटांची एकच छटा होऊन जाते. दुसऱ्या वाटेने छटा टिकतात, पण एकही रंग मूळचा राहत नाही. संगणकाच्या पडद्यावर हा पर्याय एका छोट्या यादीतून निवडला जातो, पुष्कळदा न वाचताच. आणि काही गोष्टी तर कोणत्याच वाटेने येत नाहीत. मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेल्या तंजावर शैलीच्या चित्रांत उठावाच्या कामावर सोन्याचा वर्ख चढवलेला असतो. पाहणारा हलला की तो वर्ख उजळतो आणि विझतो. त्याची कॅनव्हास-प्रत म्हणजे एका क्षणी कॅमेऱ्याला दिसलेली पिवळी-तपकिरी छटा. सोन्याच्या जागी सोन्याचे छायाचित्र येते. ती प्रत निरुपयोगी आहे असे नाही; मूर्तीची मांडणी, रेषा, अलंकारांची रचना अभ्यासायला ती उत्तम. पण त्या चित्राचा प्राण तिच्यात नाही, हे तिने सांगायला हवे.

याहून अवघड प्रश्न काळाचा आहे. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल इथल्या आपल्या खोलीचे चित्र काढले तेव्हा भिंती फिक्या जांभळ्या होत्या. त्याने पत्रात तसे लिहूनही ठेवले आहे. जांभळ्यातले तांबडे रंगद्रव्य उजेडाने उडून गेले आणि आज त्या भिंती निळ्या दिसतात. जगभर या चित्राच्या ज्या प्रती टांगलेल्या आहेत त्या निळ्या भिंतींच्या आहेत. प्रत कोणाशी प्रामाणिक असावी, आज संग्रहालयात आहे त्या वस्तूशी की चित्रकाराने जे केले त्याच्याशी? माझे मत आजच्या वस्तूच्या बाजूचे आहे, कारण तिची मोजदाद करता येते आणि जांभळा नेमका किती होता हे शेवटी अनुमानच राहते. पण विरुद्ध मतही तेवढेच सयुक्तिक आहे. चित्रातल्या पिवळ्या पलंगाचा आणि भिंतींचा जो विरोध चित्रकाराला हवा होता तो जांभळ्याशिवाय कळत नाही. इथे बरोबर-चूक ठरवण्यापेक्षा महत्त्वाचे हे, की निर्णय घेतला गेला आहे आणि निळ्या भिंती पाहणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही.

रंगांनंतर कापड, आणि इथे कॅनव्हास-प्रतीचा खास प्रश्न सुरू होतो. छपाईसाठी वापरतात तो कॅनव्हास सुताचा किंवा सूत आणि पॉलिएस्टरच्या मिश्रणाचा असतो. शाई धरून ठेवण्यासाठी त्याच्यावर पांढरा लेप दिलेला असतो. हा लेप अधिक शुभ्र दिसावा म्हणून काही कापडांत चमक आणणारी रसायने मिसळतात. ती कालांतराने निकामी होतात आणि पांढरा भाग पिवळसर पडतो. या कापडाचा सर्वांत मोठा फायदा छापणाऱ्याला होतो, आणि तो असा, की विणीच्या उंचवट्यांमुळे छपाईतला विरळपणा झाकला जातो. गुळगुळीत कागदावर जे चित्र फाटलेले, धूसर दिसेल ते कॅनव्हासवर खपून जाते. त्यात आणखी एक गुंता आहे. मूळ चित्र कॅनव्हासवर असेल तर त्याची वीण छायाचित्रातही आलेली असते. ते छायाचित्र दुसऱ्या कॅनव्हासवर छापले की एका विणीवर दुसरी वीण बसते. चित्र मोठे करून छापले तर छापील वीण प्रत्यक्ष विणीहून जाडी दिसते. एवढेच जवळ जाऊन पाहिले तरी प्रतीचा सगळा इतिहास उलगडतो.

आकाराबद्दल तर कोणी विचारतही नाही. व्हर्मीरचे मोत्याच्या कर्णभूषणाचे चित्र जेमतेम ४४.५ सेंटिमीटर उंच आणि ३९ सेंटिमीटर रुंद आहे. एका माणसाने समोर उभे राहून, एका चेहऱ्याशी डोळा भिडवून पाहण्याचे हे माप. भिंत भरण्यासाठी ते तीन-चार फुटांचे केले की चेहरा तोच राहतो, जवळीक जाते. मूळ मापातच छापले तरी धोका टळत नाही. हल्ली चौकटीविना टांगायची पद्धत आहे; त्यासाठी कापड जाड लाकडी पट्ट्यांवरून मागे वळवतात. प्रत्येक बाजूने चार सेंटिमीटर चित्र वळवले तर समोर उरते ३६.५ गुणिले ३१ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश चित्र बगलेला जाते. ते वाचवायचे तर कडेचा भाग आरशासारखा उलटा करून बगलेवर छापतात, म्हणजे चित्रकाराने न काढलेली पट्टी चारही बाजूंनी जोडतात. नुसता पांढरा किंवा एकरंगी काठ ठेवला तर दोन्ही गोष्टी टळतात. तो पर्याय साधा आहे, म्हणूनच कदाचित कमी विकला जातो.

या साऱ्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे. शिळाछपाई अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत आलॉइस झेनेफेल्डरने शोधली आणि १८३७ साली फ्रान्समध्ये गोदफ्र्वा एंगेलमानने तिच्या रंगीत रूपाचे पेटंट घेतले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, प्रत्येक दगडावर चित्राचा तेवढाच अंश उलटा काढलेला, आणि एकच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून अचूक जागी काढायचा, अशी ती रीत. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेल्या चित्रशाळेने याच मार्गाने देवादिकांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची चित्रे घरोघर पोचवली. तंजावरच्या मराठी घराण्यातले दिवाण टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना आपली चित्रे छापून घेण्याचा सल्ला दिला होता. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे. काही वर्षांतच तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी याच परिसरात छपाईचे काम केले, हेही लक्षात ठेवण्याजोगे. इथे तयार होणाऱ्या ओलिओग्राफच्या, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछापांच्या, कागदावर कॅनव्हासची वीण दाबून उठवत आणि वर व्हार्निश देत. आज कापडावर शाई उडवून जे साधले जाते तेच तेव्हा कागदावर दाब देऊन साधले जात होते. तैलचित्राचे रूप घ्यायचे, ही इच्छा तेव्हापासूनची आहे.

त्या ओलिओग्राफचा मी जो विचार करतो तो दोन अंगांनी. एका अंगाने तो आजच्या कॅनव्हास-प्रतीचा थेट पूर्वज आहे आणि तिचा दोष त्याच्यातही आहे. दुसऱ्या अंगाने त्याने एक गोष्ट कसोशीने पाळली, जी आज सुटली आहे. चित्राखाली चित्राचे नाव, छापखान्याचे नाव, पुष्कळ प्रतींवर कार्ला-लोणावळा हे ठिकाणही छापलेले असे. प्रत कोणाची, कुठली, हे तिच्या अंगावर लिहिलेले होते. घेणाऱ्यांनीही तिला खोटे तैलचित्र म्हणून भिंतीवर लावले नाही. लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील लुगड्यांवर बायकांनी जरी आणि टिकल्या शिवल्या, कापडाचे तुकडे चिकटवले, देव्हाऱ्याजवळ ती चित्रे पुजली. छापील प्रत ही आपली, हाताळण्याची, सजवण्याची वस्तू आहे याची त्यांना पक्की जाण होती. रंग वेगळे करून दगडांवर काढणाऱ्या कारागिरांची नावे मात्र त्या प्रतींवर नाहीत, आणि त्यांचे निर्णयही कुठे नोंदले गेले नाहीत. एका चेहऱ्यावरचा गोरेपणा किती दगडांतून यावा, सावलीत निळा किती मिसळावा, हे त्यांनी ठरवले. महाराष्ट्राच्या आणि देशाच्या मनातली लक्ष्मी त्या अनामिक हातांनीही घडवली आहे. १९७२ च्या आगीत छापखान्याबरोबर त्या कामाचा पुष्कळसा पुरावाही गेला.

इथे पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप येतो. छापील प्रती नसत्या तर राजवाड्यांच्या बाहेर रविवर्मा कोणाला दिसले असते? ज्यांना संग्रहालयात जायला सवड नाही, परदेशी जाण्याची ऐपत नाही, त्यांच्या भिंतीवर रेम्ब्रांट किंवा हळदणकर येत असतील तर विणीच्या आणि छटांच्या तक्रारी कशाला? या आक्षेपातले पहिले विधान मला पूर्ण मान्य आहे. प्रतींवाचून आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास लिहिताच येणार नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. ज्याला मूळ पाहायला मिळणार आहे त्याला प्रतीने काहीही सांगितले नाही तरी चालेल, तो स्वतः ताडून पाहील. ज्याच्यासाठी प्रत हेच एकमेव दर्शन आहे त्याच्याशी मात्र ती काटेकोरपणे खरे बोलली पाहिजे. सामान्य माणसाला कलेची आवड असते तशी माहितीचीही असते. हे जलरंगातले चित्र आहे, मूळ याहून लहान आहे, भिंती पूर्वी जांभळ्या होत्या, हे कळल्याने त्याचा आनंद उणावत नाही; तो चित्राकडे अधिक वेळ पाहतो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. १९९१ मध्ये ग्रॅहॅम नॅशच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यशाळेत आयरिस नावाच्या छपाईयंत्रावर कलाप्रती छापायला सुरुवात झाली तेव्हाच्या शाया लवकर उडत. आज रंगद्रव्यांच्या शाया दीर्घकाळ टिकतात. ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने २०१३ मध्ये फुजीफिल्मच्या साहाय्याने फटकाऱ्यांच्या उंचीसकट प्रती काढल्या. मग थोड्याच काळात प्रत आणि मूळ यांत फरक उरणार नाही, आणि निर्णयांची ही चर्चा जुनी होईल, असे त्यांचे म्हणणे. तंत्र सुधारते आहे यात शंका नाही, आणि उंचीची नोंद घेणारी प्रत सगळीकडे एकसारखी कारखान्याची वीण मिरवणाऱ्या कॅनव्हासपेक्षा कितीतरी खरी आहे. परंतु तंत्र जितके बारीक होते तितके नवे प्रश्न येतात. जुन्या व्हार्निशची पिवळी झाक ठेवायची का? दुरुस्ती करणाऱ्याने मागाहून भरलेला रंग छापायचा का? शिवाय प्रत पाहिली कुठे जाणार, हे तंत्राच्या हातात नाही. छपाईगृहात ५,००० केल्विनच्या दिव्याखाली मुळाशी तंतोतंत जुळलेली प्रत घरातल्या पिवळ्या दिव्याखाली वेगळी दिसू शकते, कारण शाईचे आणि मूळ रंगद्रव्याचे घटक वेगळे आणि वेगळ्या उजेडाला ते वेगळा प्रतिसाद देतात. जुळणे नेहमी कुठल्यातरी उजेडापुरते असते.

कायद्याचा आधार घेऊनही विरोध करता येईल. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ साली ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात ठरवले, की सार्वजनिक मालकीच्या सपाट चित्राच्या तंतोतंत छायाचित्रात नवनिर्मिती नाही, म्हणून त्यावर वेगळा स्वामित्वहक्क नाही. मग प्रत करणाऱ्याच्या निर्णयांना एवढे महत्त्व का? हा निकाल मला योग्य वाटतो, आणि माझ्या म्हणण्याला तो बाध आणत नाही. नवनिर्मिती नसली तरी जबाबदारी असते. नकाशा काढणारा नदी निर्माण करत नाही, पण ती कुठे दाखवायची हे त्याला ठरवावे लागते आणि प्रमाण लिहावे लागते. हक्क मागायचा नसेल तर माहिती देण्यात काहीच अडचण नसावी. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो; रविवर्म्यांच्या चित्रांची मुदत कधीच संपली, हळदणकर १९६८ मध्ये वारले, त्यांची साठ वर्षे त्यानंतर मोजायची. त्याशिवाय १९५७ च्या कायद्यातले कलम ५७ कलावंताला कृतीवर आपले नाव सांगण्याचा हक्क देते आणि हा हक्क स्वामित्वहक्क विकल्यानेही जात नाही. दुसऱ्याचे नाव लावून छापलेला कॅनव्हास म्हणजे रसिकांची गैरसोय एवढेच नव्हे, तो चित्रकारावरचा अन्याय आहे.

विचारवंतांकडून येणारा आक्षेप नेमका उलटा आहे. वाल्टर बेन्यामिनच्या १९३६च्या प्रसिद्ध निबंधापासून असे म्हटले जाते, की यांत्रिक प्रतीत मूळ कृतीचे ‘इथे आणि आत्ता’ असणे हरवते. मग प्रत प्रामाणिक असो वा नसो, ती चित्राला पोकळच करणार. याला उत्तर व्हेनिसमध्ये आहे. व्हेरोनीजेचे ‘काना इथले लग्न’ हे सुमारे दहा मीटर रुंदीचे चित्र सान जॉर्जो माज्जोरेच्या मठातल्या भोजनगृहासाठी १५६३ मध्ये पूर्ण झाले. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते पॅरिसला नेले आणि आज ते लूव्रमध्ये, मोनालिसासमोरच्या गर्दीत टांगलेले आहे. २००७ मध्ये फाक्तुम आर्ते या कार्यशाळेने त्याची पूर्ण मापाची प्रत केली. लूव्रमध्ये चित्राला स्पर्श न करता त्याची नोंद घेतली, चित्रकाराच्या पद्धतीने गेसोचा लेप दिलेल्या कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा छपाई केली, आणि ती प्रत पॅलादिओने बांधलेल्या त्याच भोजनगृहात, त्याच भिंतीवर लावली. तिथे खिडक्यांतून येणारा उजेड आणि चित्रातला उजेड यांचे नाते कळते, चित्राची उंची आणि जेवायला बसलेल्या माणसाची नजर यांचे नाते कळते. मूळ रंग पॅरिसला आहे, मूळ जागा व्हेनिसला. चित्राची एक बाजू मूळ सांभाळते, दुसरी प्रत. आणि हे साधते ते भेट देणाऱ्याला स्पष्ट सांगितले जाते म्हणून, की ही प्रत आहे.

‘नाइट वॉच’चेही तसेच. १७१५ मध्ये ते ॲम्स्टरडॅमच्या नगरगृहातल्या भिंतीवर बसावे म्हणून चारही बाजूंनी कापले गेले. कापलेले तुकडे कधी सापडले नाहीत. सतराव्या शतकात गेरिट लुंडेन्सने केलेली छोटी प्रत मात्र उरली होती. तिच्या आधारे, रेम्ब्रांटची रंगशैली शिकवलेल्या संगणक-प्रणालीकडून हरवलेल्या पट्ट्या तयार करून घेतल्या, त्या कॅनव्हासवर छापल्या, त्यांना व्हार्निश दिले आणि २०२१ मध्ये काही महिन्यांसाठी मूळ चित्राच्या चारही कडांना, त्याला न चिकटवता, मांडल्या. कॅनव्हासच्या छपाईचा याहून उचित उपयोग मला दाखवता येणार नाही. चित्रातली मुख्य माणसे मध्यावर नाहीत आणि उजवी-डावीकडची जागा हा हालचालीचा भाग आहे, हे तीनशे वर्षांनी लोकांना डोळ्यांनी पाहता आले. छापील कॅनव्हासने इथे मूळ चित्राचा आव आणला नाही. मुळात काय नाही ते त्याने दाखवले.

एक वेगळ्या जातीची चित्रेही ध्यानात घेतली पाहिजेत. दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ची मुखपृष्ठे, रघुवीर मुळगावकरांची दिनदर्शिकांसाठीची देवचित्रे ही छपाईसाठीच काढलेली. त्यांच्या बाबतीत कागदावरची छापील प्रत हाच चित्राचा मुक्काम होता. चित्रकाराने रंग निवडताना छापखान्याचा विचार केलेला होता. ही चित्रे आज कॅनव्हासच्या जाड विणीवर, कृत्रिम फटकारे उठवून विकली जातात तेव्हा कधीच नसलेल्या तैलचित्राची प्रत तयार होते. अशा चित्रांसाठी चांगला कागद हेच खरे माध्यम आहे, आणि तसे सांगणारा विक्रेता गिऱ्हाईक गमावतो असे मला वाटत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. दिवाणखान्यातल्या सोफ्याशी रंग जुळावा म्हणून चित्र घेणाऱ्याला हा तपशील नको असतो, आणि तो देण्याने खर्च वाढतो. नको असेल त्याने वाचू नये. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही सगळे वाचत नाहीत. खर्चाचे म्हणाल तर देण्याची माहिती मोजकी आहे : चित्रकार आणि वर्ष, मूळ माध्यम आणि माप, मूळ कुठे आहे, छायाचित्र कोणाचे, कोणत्या कापडावर आणि शाईने छापले, किती मोठे केले किंवा कापले. कॅनव्हास ताणताना मागे दुमडली जाणारी दोन-तीन बोटांची पट्टी प्रत्येक प्रतीला असतेच आणि ती भिंतीकडे तोंड करून रिकामी राहते. चित्र छापले जात असताना त्याच पट्टीवर या ओळी छापायला वेगळे यंत्र लागत नाही, वेगळी शाई लागत नाही, कापडाचा एक इंचही वाढत नाही.